बांधणीस दिले

या वार्षिकाच्या संपादकांचे पत्र आले. वाचनालयातल्या नोकरीतील काही गमतीजमती लिहून द्याव्यात, दिवाळीच्या दिवसांत वाचकाला प्रसन्न काही हवे असते, अशी त्यांची विनंती होती. मी होकार कळवला. गमती माझ्यापाशी आहेत आणि त्या सांगतोही. पण लेखणी हाती घेतली की मन एकाच पुस्तकापाशी जाऊन थांबते, आणि ते पुस्तक गमतीचे नाही. संपादकांनी क्षमा करावी.

रिसोडच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी बत्तीस वर्षे ग्रंथपाल होतो. त्याआधी, लहानपणी, आठ वर्षे संस्कृत पाठशाळेत काढली होती. दोन्हीकडे ग्रंथांचाच सहवास. पण दोन्हीकडची शिकवण एकमेकींच्या अगदी उलट. पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत की ग्रंथ राखावा. हात धुतल्यावाचून पोथीला स्पर्श करायचा नाही, पोथी जमिनीवर ठेवायची नाही, पठण संपले की पाने जुळवून लाल बासनात गुंडाळायची आणि वरून दोरी आवळायची. वाचनालयात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळले की इथला धर्म ग्रंथ देण्याचा आहे. जो मागेल त्याला द्यायचा. मग त्याच्या बोटांना शेतातली माती असो की दुकानातले तेल. हे पचवायला मला दोन वर्षे लागली. पुढे अनेक वर्षे मी समजत होतो की ते पचले आहे.

आमचे काम बाहेरून फार सोपे दिसते. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याची नोंद करायची आणि त्याला क्रमांक द्यायचा. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारायचा, आणि दुसरा शिक्का एका ठरावीक गुप्त पानावर. कुणी पहिले पान फाडून पुस्तक आपले म्हणून मिरवू लागला, तर ते गुप्त पान उघडून दाखवता येते. शेवटच्या पानाला तारीखपट्टी चिकटवायची. पुस्तक ज्या दिवशी परत यायला हवे ती तारीख तिच्यावर पडते. तारीखपट्टी म्हणजे पुस्तकाची जन्मकुंडलीच. फरक इतकाच की ही मागून लिहिली जाते. दाखल नोंदवहीत खाडाखोड वर्ज्य. चूक झालीच तर एक सरळ रेघ ओढायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे अशी, आणि शेजारी स्वाक्षरी करायची. त्या वहीत शेवटचा एक अरुंद रकाना असतो, 'शेरा' नावाचा. पुस्तक हरवले, फाटले, बांधणीस दिले, असे जे काही घडले असेल ते तिथे येते. बत्तीस वर्षांत त्या रकान्यात मी एकच असत्य लिहिले. आजचा लेख त्याविषयी आहे.

आता गमती. आमचे एक सभासद तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते. ते पुस्तक उघडत ते शेवटून. तारीखपट्टी शिक्क्यांनी भरलेली असेल तरच पुस्तक न्यायचे. मी एकदा विचारले, "एखादे कोरे पुस्तक नेऊन पाहा की." त्यांनी मान हलवली. "नाई शास्त्रीजी. इतक्यायनं नेलं, कोणाले काई झालं नाई, म्हंजे नेण्यासारखं असंल." आमचा शिपाई मला हळूच म्हणाला की चांगल्या पण पडून राहिलेल्या पुस्तकांवर आपणच चार शिक्के मारून ठेवू, हे गृहस्थ तरी वाचतील. मी त्याला फार कठोर शब्दांत नकार दिला होता. नोंद म्हणजे नोंद, असे काहीतरी बोललो. त्या बोलण्याची आता लाज वाटते.

दुसरे आमचे कार्यवाह शांतिलालजी. धान्याच्या आडतीचे त्यांचे दुकान. माणूस सज्जन आणि दानी. वाचनालयाच्या छपरावरचे पत्रे त्यांनीच बदलून दिले. चातुर्मासात ते धर्मग्रंथांखेरीज काही नेत नसत. पण ग्रंथाच्या आकाराचीच एखादी रहस्यकथा त्याच पिशवीत घालून द्यावी, असा त्यांचा डोळ्यांचा इशारा असे. मी देत असे.

आणि तिसरे केनवडचे तुळशीराम. शाळा सातवीपर्यंत झालेली, घरची शेती चांगली, साठीच्या पुढचे वय. बाजाराच्या दिवशी जीपने रिसोडला यायचे, आधी वाचनालयात येऊन पुस्तक बदलायचे आणि मग बाजार करायचा, हा त्यांचा नेम. मला ते महाराज म्हणत. त्यांच्यासारखा नियम पाळणारा वाचक मी पाहिला नाही. पुस्तक अर्धे वाचून झालेले असले तरी मुदतीच्या दिवशी ते टेबलावर ठेवीत. "आठ दिसाचं बोलणं म्हंजे आठ दिस. आज देतो, पुढल्या बाजारी पुन्हा नेतो. मंधात कोणाले पाहिजे असंल तं?" खूण म्हणून ते पानात सोयाबीनची वाळकी काडी ठेवायचे. ती काडी मी काढत नसे.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एके दिवशी निर्मलाबाई नावाच्या बाई आल्या. आमच्याच वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाजूला एका खेड्यात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. पिशवीतून त्यांनी एक नवे कोरे पुस्तक काढले. स्वतः लिहिलेली कादंबरी, स्वतःच छापून घेतलेली. नाव 'होकाराचे गाव'.

"काकाजी, वाचनालयासाठी एक प्रत. कोणी नेली नाही तरी चालेल, पण कपाटात दिसली पाहिजे."

मी विचारले, "विषय काय?"

"भीती," त्या म्हणाल्या, आणि मग हसल्या. "पण राक्षस नाही त्यात. पोलीससुद्धा फार नाहीत."

कोणतेही पुस्तक वाचल्याशिवाय कपाटात ठेवायचे नाही, असा माझा नेम होता. मी ते तीन दिवसांत वाचले. असल्या कादंबऱ्या मला अगदीच अपरिचित नव्हत्या. येणाऱ्या काळात राज्यसत्ता माणसाच्या मनापर्यंत कशी पोचेल, प्रत्येक भिंतीला डोळा आणि प्रत्येक शेजाऱ्याला कान कसा फुटेल, अशा कथा आमच्याकडे अनुवादित होऊन येत आणि महाविद्यालयातली मुले त्या नेत. मला त्यांचे कधी प्रेम वाटले नाही. ज्या परंपरेत नाटकाचा पडदासुद्धा सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना केल्याशिवाय पडत नाही, तिच्यात मी वाढलो. वाचकाला भयात सोडून देणारी कथा मला अमंगळ वाटे.

निर्मलाबाईंच्या कादंबरीतले गाव मात्र आपल्याकडचेच होते. त्या गावात एकदा मोठा अधिकारी येणार असतो. एक घरमालक त्याच्या स्वागताला दारावर कंदील टांगतो. अधिकारी जाताना त्या घराकडे पाहून मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी शेजारीही कंदील टांगतो. महिन्याभरात सगळे गाव टांगू लागते, आणि मग कुणीतरी म्हणते की तसा हुकूमच आहे. ज्याच्या दारी कंदील नाही त्याच्याकडे लग्नाची अक्षत येत नाही, कचेरीतला त्याचा कागद हलत नाही, शाळेत त्याच्या मुलाशेजारी कुणी बसत नाही. एक कारकून रोज संध्याकाळी अंधारी दारे मोजू लागतो. त्यालाही कुणी सांगितलेले नसते. एके दिवशी वाऱ्याने एका घरचा कंदील विझतो, आणि त्या घरच्या माणसाला चौकशीसाठी नेतात. त्याची मुलगी सोना हुकूम शोधायला निघते. हुकमात वाऱ्याला माफी आहे की नाही, एवढेच तिला वाचून पाहायचे असते. गावातून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला, दप्तरखान्यापर्यंत ती पोचते. पुढचे मी आता सांगत नाही. ते तुळशीरामांना ज्या दिवशी कळले त्याच दिवशी सांगणे योग्य.

वाचून झाल्यावर मी निर्मलाबाईंना म्हणालो, "बाई, शेवटी थोडा प्रकाश हवा होता. आपल्याकडे अखेरीस आशीर्वाद असतो."

त्या म्हणाल्या, "वाचणारा घरी जाऊन दचकला, तर तोच आशीर्वाद समजा."

पुस्तकाला मी क्रमांक दिला, शिक्के मारले, तारीखपट्टी चिकटवली. पुढच्या बाजारी तुळशीरामांनी ते नेले, आणि आठ दिवसांनी नेमाप्रमाणे टेबलावर आणून ठेवले. काडी बरोबर दप्तरखान्याच्या दारात होती.

"महाराज, लय भारी हाये हे. आमच्या गावचंच लिवलं बाईनं, फक्त नावं बदलली. बाजार करून राह्यलो तरी डोक्यात ते कंदीलच. पुढल्या बाजारी पुन्हा नेतो, कोणाले नका देऊ." मग आपणच दुरुस्ती केली, "नाई, मागतलं तं द्या. नियम म्हंजे नियम."

त्याच आठवड्यात शांतिलालजी वाशिमहून आले. आमच्यासारख्या वाचनालयांना शासनाचे अनुदान असते, त्यासाठी वर्षातून तपासणी होते. तिची तारीख विचारायला ते गेले होते. खुर्चीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"शास्त्रीजी, औंदा जरा जपून बरं का. पुस्तकायची कोणती तरी लिस्ट आली म्हणतात."

"कसली यादी?"

"सरकारच्या इरोधातली, म्हणतात."

"कुणी म्हटले?"

"बोलून राह्यला होता एक जण तिथं. आता त्याचं नाव कायले विचारता?"

"यादी तुम्ही पाहिली?"

"मी कायले पाहू? पाहिली म्हंजे आपलं नाव आलं त्याच्यात." मग आवाज उतरवून म्हणाले, "ते मास्तरीणबाईचं पुस्तक काय हाय हो? मी वाचलं नाई. पण हुकूम, अधिकारी, असं हाय म्हणतात. आन् बाई सरकारी नोकर."

"मग काय करायचे?"

"मी काई म्हणत नाई. तुमी जाणते. तुमीच पाहून घ्या."

'तुम्हीच पाहून घ्या.' या शब्दांवर मी पुढे पुष्कळ विचार केला. 'काढून टाका' असे ते म्हणाले असते तर मी वाद घातला असता. समितीपुढे प्रश्न नेला असता. लेखी मागितले असते. आज्ञेला नकार देता येतो. त्यांनी आज्ञा दिलीच नाही. त्यांनी माझ्या हाती माझाच विवेक ठेवला, आणि मला आढळले की तो विवेक आधीच भ्यालेला आहे.

आमच्याकडे एक पोथ्यांचे कपाट आहे. एका जुन्या घराण्याने दिलेल्या हस्तलिखित पोथ्या त्यात आहेत, सगळ्या लाल बासनांत. त्या कपाटाला माझ्याखेरीज कुणी हात लावत नसे. स्नान करून आल्याशिवाय त्या उघडू नयेत, असा नियम मीच केला होता. शांतिलालजी गेल्यावर मी हात धुतले, एक रिकामे बासन घेतले, 'होकाराचे गाव' त्यात गुंडाळले, दोरी आवळली आणि वरच्या फळीवर इतर पोथ्यांच्या रांगेत ठेवले. मी स्वतःला सांगितले की यात वाईट काहीच नाही. पुस्तक फाडले नाही, जाळले नाही, बाहेर टाकले नाही. उलट जिथे सर्वांत पवित्र ग्रंथ आहेत तिथे नेऊन ठेवले. बाईंची नोकरीही सुरक्षित राहील. पुस्तक लपवणारा दुसरा कुणी असता तर त्याने ते पोत्यात घातले असते. मी बासनात घातले, आणि म्हणूनच मला ते लपवणे वाटले नाही.

वार्षिक पडताळणीत पुस्तक जागेवर नाही म्हणून शेरा लिहिणे आले. मी लिहिले, 'बांधणीस दिले.' अक्षर नेहमीसारखेच सुबक आले.

तपासणीस आलेले निरीक्षक तरुण होते. वह्या पाहिल्या, कपाटे पाहिली, एक-दोन सूचना केल्या. चहा घेताना म्हणाले, "तुमच्या भागातल्या एका शिक्षिकेची कादंबरी आहे म्हणे. आहे का इथे?"

मी बशी खाली ठेवली. "आहे. पण बांधणीस दिली आहे."

"नवीन ना? इतक्यात बांधणी सुटली?"

"छपाई साधीच होती," मी म्हणालो.

"असं का," म्हणून ते उठले. यादीचा उल्लेख नाही, दुसरा प्रश्न नाही. त्यांना ती वाचायला हवी होती की तपासायला, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. त्यांचा स्वर मी शंभरदा आठवून पाहिला. भ्यालेल्या कानाला सगळे स्वर एकच ऐकू येतात. ती यादी पुढे कधी आली नाही. आमच्या ओळखीत कुणीच ती पाहिली नव्हती, हेही हळूहळू कळले. तरी पुस्तक मी बाहेर काढले नाही. कारण आता काढले असते तर का ठेवले होते, हे सांगावे लागले असते.

तुळशीराम मात्र दर बाजारी विचारायचे.

"महाराज, आलं का?"

"अजून नाही."

"कोणत्या गावले गेलं बांधाले? वाशिमले का मुंबईले?" काही महिन्यांनी म्हणाले, "माह्या नातवाचं लग्न जमलं, मांडव बांधून झाला, सुटला बी. तुमचं पुस्तक बांधूनच राह्यलं." लोक हसत, मीही हसत असे. वर्ष उलटले तसे ते हसत नाहीसे झाले. नुसते माझ्याकडे पाहून विचारायचे, "त्या पोरीले हुकूम सापडला का, तेवढं तं सांगा. तुमी वाचलं हाये ना?" मी म्हणायचो, "तुम्हीच वाचा, सांगण्यात गोडी नाही." हेही त्यांनी मानले. दुसरे कुठलेतरी पुस्तक न्यायचे.

एकदा निर्मलाबाई स्वतः आल्या. कपाटापुढे उभ्या राहून त्यांनी आपल्या क्रमांकाची जागा बोटाने चाचपली. दोन पुस्तके मध्ये जागा न ठेवता जवळ सरकली होती. मग माझ्यापाशी आल्या.

"काकाजी, माझं पुस्तक?"

"बांधणीस दिले आहे, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. शिक्षिकेची नजर, खोटे बोलणारी मुले त्यांनी आयुष्यभर पाहिलेली. रागावल्या नाहीत. "तुम्हाला कोणी काही म्हटलं का?"

"नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "दुसरी लिहून झाली आहे," म्हणाल्या. "छापावी की नाही विचारायला आले होते तुम्हाला. आता नाही विचारत. लिहिणं मी थांबवणार नाही, काकाजी. दाखवणं थांबवते." आणि पिशवी खांद्याला लावून पायऱ्या उतरून गेल्या. पिशवीत वही होती. तिचा कोपरा मला दिसला होता. तो कोपरा मला अजूनही पूजेला बसलो की दिसतो.

दसऱ्याला आमच्या वाचनालयात सरस्वतीपूजन होते. पोथ्यांचे कपाट उघडायचे, बासने पाटावर मांडायची, प्रत्येकावर गंध, अक्षता, फूल वाहायचे. मुहूर्त पाहून ते मीच करीत असे. त्या पुस्तकालाही पूजा मिळाली. पहिल्या दसऱ्याला, दुसऱ्याला. तिसऱ्या दसऱ्याला शांतिलालजी शेजारी हात जोडून बसले होते. मी ओळीने अक्षता टाकत गेलो आणि त्या बासनापाशी आलो. दोन वर्षांच्या हळदीकुंकवाने त्याचे कापड कडक झाले होते. शांतिलालजींनी वाकून त्यालाही नमस्कार केला. आत काय आहे, ते त्यांना ठाऊक नव्हते.

माझा हात तसाच राहिला. कंदिलांची ती कथा सबंध माझ्यापुढे आली. मी एक कंदील टांगला होता, आणि त्याची दर वर्षी पूजा करत होतो. ज्या देवीला वाणी म्हणतात तिच्या पाटावर मी एका बाईचा आवाज दोरीने बांधून ठेवला होता आणि वर फूल वाहत होतो. पाठशाळेत मला पोथी राखायला शिकवले ते तिचे पठण अखंड राहावे म्हणून. न वाचण्यासाठी राखायला गुरुजींनी मला कधीच सांगितले नव्हते. हे सगळे मला ठाऊक होते. संस्कृत येत होते, शास्त्र येत होते. भीती आली तेव्हा त्या सगळ्या ज्ञानाने मला फक्त एक सुंदर कापड पुरवले.

मी दोरी सोडली. शांतिलालजी दचकले. "पूजेत उघडता काय?"

"पूजा आताच सुरू होते आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुस्तकाचे नाव वाचले. मग म्हणाले, "मी तुमाले काढा नव्हतो म्हणलो."

"नव्हता म्हणालात. तेच तर."

दुसऱ्या दिवशी दाखल नोंदवही काढली. 'बांधणीस दिले' या शब्दांवर एक सरळ रेघ ओढली, खालचे अक्षर वाचता येईल अशी. शेजारी स्वाक्षरी केली आणि वर लिहिले, 'भयाने काढून ठेवले होते. आज देवघेवीत परत.' बत्तीस वर्षांतला तो सर्वांत अशास्त्रीय शेरा असेल. तो आजही तिथे आहे.

मग निर्मलाबाईंना पत्र लिहिले. काही न लपवता लिहिले. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले. पुस्तक जागेवर आले हे वाचून बरे वाटले, असे होते. वहीविषयी काही नव्हते. विचारण्याचा अधिकार मी गमावला आहे, म्हणून मीही विचारलेले नाही.

आणि पुस्तक घेऊन एसटीने केनवडला गेलो. वाचकाच्या घरी पुस्तक पोचवायला मी उभ्या नोकरीत कधी गेलो नव्हतो. तुळशीराम अंगणात पेरणीसाठी हरभऱ्याचे बियाणे निवडत बसले होते. माझ्या हातात पुस्तक पाहिले आणि सूप बाजूला ठेवले.

"झालं बांधून?"

मी खाली बसलो आणि म्हणालो, "तुळशीराम, ते बांधणीला कधी गेलेच नव्हते. माझ्याच कपाटात होते. मी भ्यालो होतो." सगळे सांगितले, यादी, निरीक्षक, बासन, पूजा.

त्यांनी ऐकून घेतले. पुस्तक हातात घेऊन उघडले. काडी जागेवरच होती. मग ते पुस्तक त्यांनी माझ्याकडे परत सरकवले.

"तुमीच वाचा."

"मी?"

"तीन वर्सं याच तोंडून 'बांधणी, बांधणी' आयकलं. आता याच तोंडून हे आयकू द्या."

मी वाचू लागलो. त्यांची सून दारात येऊन उभी राहिली, शेजारचे दोघे येऊन बसले. सोना दप्तरखान्यात जाते. तिथला दप्तरदार वृद्ध आहे, सत्यवादी म्हणून त्याची ख्याती आहे, आयुष्यात त्याने एक खोटी नोंद केलेली नाही. तो तिच्यासाठी एकेक गठ्ठा सोडतो. तीन दिवस शोधतो. हुकूम कुठेच नाही. तेव्हा तो घाबरतो; आपल्या दप्तरातून एवढा मोठा हुकूम हरवला, असे कुणी म्हटले तर काय? तो दार लोटून घेतो, जुना कागद काढतो, जुनी तारीख घालतो, स्वतःच्या सुंदर अक्षरात हुकूम लिहितो आणि गठ्ठ्यात बांधतो. मग सोनाला त्याची नक्कल देतो. सोनाने दाराच्या फटीतून सगळे पाहिलेले असते. ती गावी परतते आणि त्या संध्याकाळी आपल्या दारावर कंदील टांगत नाही. कथा तिथेच संपते.

दप्तरदाराचे पान मी सावकाश वाचले. पहिल्यांदा ते वाचले होते तेव्हा मी त्या म्हाताऱ्याचा तिरस्कार केला होता.

पुस्तक मिटले. तुळशीराम म्हणाले, "म्हंजे हुकूम नव्हताच?"

"नव्हता."

"मंग त्या म्हाताऱ्याले लिवाले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाही."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढले. एक किडका दाणा शोधून बाजूला टाकला आणि माझ्याकडे न पाहता, अगदी हळू आवाजात विचारले, "आन् तुमाले, महाराज?"

उत्तर त्यांना ठाऊक होते. शिक्का आणि शाईची पेटी मी बरोबर नेली होती. तारीखपट्टीवर तीन वर्षांनंतरची पहिली तारीख मारली आणि पुस्तक त्यांच्या सुनेच्या हाती दिले. आठ दिवसांची मुदत असते, हे तिला मी सांगितले.